कुलमुखत्यारपत्र: इंदूरच्या मराठी घरांतून नेहमी येणारे प्रश्न

रामबाग असो, लोकमान्यनगर असो की सुदामानगर, इंदूरच्या कितीतरी मराठी घरांचा एक पाय अजून महाराष्ट्रात आहे. कुणाची वाईकडे थोडी जमीन, कुणाचा नाशकातल्या वाड्यात हिस्सा, कुणी मुलासाठी पुण्यात घेऊन ठेवलेला फ्लॅट. मुलं त्याहून लांब, सातासमुद्रापार. दर कामाला स्वतः जाणं होत नाही, मग कुणीतरी सुचवतं, "पॉवर देऊन टाका ना!" त्या ‘देऊन टाका’मध्ये काय काय दिलं जातं, हे सही करताना फार थोड्यांना ठाऊक असतं. मी बावीस वर्षं दस्तांचे मसुदे करते आहे. लोक समोर बसून जे विचारतात, तेच इथे लिहिलं आहे.

कुलमुखत्यारपत्र म्हणजे नक्की काय?

तुमच्या वतीनं आणि तुमच्या नावानं काम करण्याचा अधिकार दुसऱ्याला देणारा कागद. देणारा तो मुख्य माणूस, घेणारा त्याचा मुखत्यार. मुखत्यारानं अधिकारात राहून केलेली सही तुम्ही स्वतः केली असंच कायदा समजतो, आणि तिचे बरेवाईट परिणामही तुमच्याच पदरात पडतात. या कागदासाठी १८८२ चा मुखत्यारपत्रांचा कायदा आहे. तो अगदी छोटा, जेमतेम काही कलमांचा. खरं शास्त्र सापडतं ते १८७२ च्या भारतीय करार कायद्यात, कलम १८२ पासून पुढच्या प्रतिनिधित्वाच्या प्रकरणात.

एक गोष्ट आधीच पक्की करून घ्या. या कागदानं मालकी कुठेही जात नाही. घर तुमचंच राहतं, फक्त त्या घरासाठी सही करणारा आणखी एक हात तयार होतो.

यातल्या ‘कुल’चा कुळाशी काय संबंध?

काहीही नाही, आणि हे मला फार कळकळीनं सांगायचं आहे.

माझी आत्या रामबागेत राहायची. वाईच्या बाजूला तिच्या नावावर जमिनीचे दोन तुकडे होते, एक रस्त्याकडेचा आणि एक आंब्याची चार झाडं असलेला. रस्त्याकडचा विकायचं ठरलं. गावाकडच्या चुलत भावानं टाइप केलेला कागद पाठवला, वर ठळक अक्षरांत ‘कुलमुखत्यारपत्र’. आत्यानं त्याचा अर्थ लावला तो असा, की आपल्याच कुळातला माणूस आहे म्हणून कुलमुखत्यार. घरचा माणूस, घरचा कागद. आत "माझे मालकीच्या सर्व स्थावर मिळकती" असं लिहिलेलं तिनं वाचलंही होतं, पण विकायचा आहे तो एकच तुकडा, हे तर सगळ्यांना ठाऊकच, असं तिला वाटलं. दोन वर्षांनी भाच्यानं सात-बारा काढून दाखवला. दोन्ही उताऱ्यांवर तिचं नाव नव्हतं. घेणाऱ्यानं रीतसर पैसे मोजले होते आणि कागदात अधिकार लिहिलेला होता, त्यामुळे व्यवहार फिरवता आला नाही. आंब्याच्या तुकड्याचे काही पैसे पुढे घरातच बसून, रडून-भांडून मिळाले. "कुल म्हणजे एवढं सगळं होतं का गं?" असं तिनं मला विचारलं, तेव्हा मी या कामात नवीन होते आणि माझ्याकडेही नीट उत्तर नव्हतं.

आज आहे. हा ‘कुल’ अरबी-फारसीतून आलेला, अर्थ सगळं, एकूण. इंदूरच्या वीजबिलावर ‘कुल राशि’ लिहितात ना, तोच. घराणं या अर्थाचं संस्कृत ‘कुल’ वेगळं आणि कुळकायद्यातला जमीन कसणारा ‘कुळ’ आणखी वेगळा. मुखत्यार म्हणजे निवडलेला, अधिकार दिलेला माणूस. ‘अखत्यार’ही त्याच मुळाचा. म्हणजे कुलमुखत्यार हा सगळ्या कामांचा अखत्यार असलेला माणूस. तो घरातला असो की परका, शब्दाला त्याच्याशी देणंघेणं नाही.

मग इथे आम मुख्तारनामा, खास मुख्तारनामा म्हणतात, ते काय?

तेच. आम मुख्तारनामा म्हणजे आपलं कुलमुखत्यारपत्र, खास मुख्तारनामा म्हणजे विशेष मुखत्यारपत्र. ‘आम’मध्ये अनेक प्रकारची कामं येतात, ‘खास’मध्ये एखादं ठरावीक काम. ते काम झालं की कागदही संपला. बोलताना दोन्हींना ‘पॉवर’च म्हणतात आणि तिथेच घोटाळा होतो. काम एकच असेल तर विशेषच करा. मथळ्यावर मात्र विसंबू नका. वर ‘विशेष’ लिहून आत सगळं देऊन टाकलेले कागद मी पाहिले आहेत. न्यायालय आतला मजकूर बघतं, आणि तोही काटेकोरपणे. जे लिहिलं नाही ते दिलं नाही, अशी वाचायची रीत आहे. भाड्यानं देण्याचा अधिकार असेल तर त्यातून विकण्याचा निघत नाही.

वकीलपत्र आणि मुखत्यारपत्र एकच का?

नाही. वकीलपत्र किंवा वकालतनामा त्या खटल्यापुरता, तुमची बाजू मांडण्यासाठी वकिलाला दिलेला असतो. मुखत्यार तुमच्या जागी उभा राहून सह्या करतो, पैसे घेतो-देतो, वकीलसुद्धा नेमू शकतो. पण तो स्वतः वकिलासारखा युक्तिवाद करायला उभा राहू शकत नाही, न्यायालयानं खास परवानगी दिली तर गोष्ट निराळी.

एके काळी हे दोन शब्द जवळ होते. १८७९ च्या कायद्यात वकिली करणाऱ्यांचा ‘मुख्तार’ नावाचा एक वर्गच होता. म्हणून जुन्या कागदात एखाद्याच्या नावापुढे ‘मुख्तार’ दिसलं, तर तो कुणा एकाचा प्रतिनिधी असेल किंवा त्याचा तो पेशा असेल. बाकीचा मजकूर वाचूनच ठरवावं.

पॉवरवर घर घेतलं तर ते आपलं होतं का?

होत नाही. पूर्वी कॉलन्या-कॉलन्यांतून असे व्यवहार झाले. विक्रीचा करार, मुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र असे तीन कागद, पूर्ण पैसे आणि घराचा ताबा. खरेदीखत नाहीच, मुद्रांक शुल्क वाचवलं म्हणून समाधान. ११ ऑक्टोबर २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सूरज लॅम्प खटल्यात स्वच्छ सांगितलं की अशा कागदांनी स्थावर मिळकतीचं हस्तांतर होत नाही. त्यासाठी नोंदलेलं खरेदीखतच हवं.

त्याच निकालात हेही आहे की खरोखरच्या मुखत्यारपत्रांना धक्का नाही. परगावी राहणाऱ्यानं बहिणीला, मुलाला किंवा विश्वासातल्या माणसाला कामकाजासाठी अधिकार देणं पूर्वीसारखंच चालतं. अशा मुखत्यारानं मालकाच्या वतीनं करून दिलेलं नोंदणीकृत खरेदीखतही चालतं.

तुमच्या घरात असे तीन कागद असतील आणि विकणारा हयात असेल, तर आजच त्याच्याकडून खरेदीखत करून घेण्याच्या मागे लागा. तो गेल्यावर त्याच्या सगळ्या वारसांच्या सह्या गोळा करत फिरावं लागतं, आणि त्यातला एखादा अडून बसतोच.

मी इंदूरात, जमीन सातारा जिल्ह्यात. कागद कुठे करायचा?

तुम्ही राहता तिथे. तुमच्या वतीनं मुखत्यारानं तिकडे दस्त नोंदणीला सादर करायचा असेल, तर १९०८ च्या नोंदणी कायद्याच्या कलम ३३ प्रमाणे मुखत्यारपत्र तुमच्या राहत्या जिल्ह्याच्या नोंदणी अधिकाऱ्यासमोर सही करून प्रमाणित झालेलं हवं. इंदूरवाल्यांनी ते इंदूरच्या उपपंजीयकांसमोर करावं. आपल्याकडे हे काम ‘संपदा’ या दस्तनोंदणीच्या ऑनलाइन प्रणालीतून, ई-स्टाम्पवर होतं. नुसतं नोटरीचं मुखत्यारपत्र घेऊन गाडीनं वाईला पोचायचं आणि दुय्यम निबंधकांच्या कचेरीतून तसंच परत यायचं, हा हेलपाटा अनेकांनी घातला आहे.

नोटरीच्या कागदाला किंमत नाही असं मात्र नाही. पुराव्याच्या कायद्यात तो रीतसर झाल्याचं गृहीत धरतात, आणि बँक, वीज किंवा पालिकेच्या कामांना तो अनेकदा पुरतो. जमीनजुमल्यासाठी मात्र त्यावर थांबू नये.

दुसरी गोष्ट मुद्रांकाची. कागद मध्य प्रदेशात झाला आणि वापरायचा महाराष्ट्रात, तर तिथल्या दरानं जे शुल्क अधिक होईल त्याचा फरक तिथे भरावा लागू शकतो. महाराष्ट्रात जवळच्या नातलगाला मोबदला न घेता अधिकार दिला तर शुल्क नाममात्र असतं, परक्याला विक्रीचा अधिकार दिला की ते थेट खरेदीखताच्या हिशोबानं लागतं. मसुदा पक्का करण्याआधी त्याची प्रत तिकडच्या कचेरीत दाखवून घ्या.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कचेरीत न्यावंच लागतं असं नाही. अधिकारी घरी येऊन सही घेऊ शकतो, तशी तरतूद त्याच कायद्यात आहे. रुग्णवाहिकेतून आजीला उचलून आणणारे लोक पाहिले की वाटतं, आधी कुणी एवढं सांगितलं असतं तर.

मुलगा अमेरिकेत आहे. त्यानं कसं पाठवायचं?

तिथल्या भारतीय वाणिज्य दूतावासात जाऊन अधिकाऱ्यासमोर सही करायची, किंवा तिथल्या नोटरीसमोर करून त्यावर अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा दुसऱ्या देशातही मानला जाणारा सरकारी दाखला, घ्यायचं. अपोस्टिलचा हेग करार १९६१ चा, भारतासाठी तो २००५ पासून लागू झाला. कागद भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत इथला मुद्रांक लावावा लागतो, म्हणून पोचल्याच्या तारखेचं कुरिअरचं पाकीट फेकू नका.

आईला विस्मरण होऊ लागलं आहे. आता पॉवर करून घेता येईल?

सगळ्यात जड प्रश्न हा. सहसा मुलगा किंवा मुलगी एकटीच येते, आवाज खाली करून विचारते.

मुखत्यारपत्र देणारा सज्ञान आणि शुद्धीवर हवा. आपण काय देतो आहोत हे सही करताना त्याला कळत असलं पाहिजे. सुरुवातीच्या दिवसांत, डॉक्टरांनी तसं लिहून दिलं तर, करता येतं. पण त्यात एक खाच आहे जी बहुतेकांना माहीत नसते. करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की मुखत्यारीही संपते. काही देशांत भान गेल्यावरही चालू राहील असं मुखत्यारपत्र करता येतं, आपल्याकडे तशी सोय नाही. म्हणजे ज्या दिवसासाठी तो कागद करून ठेवला, नेमक्या त्याच दिवशी तो निकामी होतो.

तेव्हा काय? न्यायालयाकडून पालक नेमून घ्यावा लागतो. माणूस दीर्घ बेशुद्धीत असेल तर उच्च न्यायालयात रिट करून पालकत्व मिळाल्याची उदाहरणं आहेत. याला वेळ लागतो. म्हणून आईला भान आहे तोवर तिच्याच मर्जीनं बँकेची खाती दोघांच्या नावावर करणं, मृत्युपत्र करणं, विकायचं ठरलेलं असेल तर तिच्याच सहीनं विकणं, ही कामं आधी उरका.

आणि तिला कळत नसताना अंगठा घेऊ नका. शाईचा डबा पुढे सरकवला की म्हातारी माणसं अंगठा सवयीनं पुढे करतात, का म्हणून विचारतसुद्धा नाहीत. मी असे कागद करायला नकार देते.

देणारा वारला तर?

त्या क्षणी मुखत्यारपत्र संपलं. त्यानंतर ते वापरून खात्यातून पैसे काढणं किंवा विक्री करणं हा गुन्हा ठरू शकतो, मग खर्च अंत्यसंस्काराचा का असेना. मृत्यूची बातमी पोचण्याआधी मुखत्यारानं प्रामाणिकपणे केलेल्या व्यवहाराला मात्र कायदा संरक्षण देतो. बातमी कळल्यावरही मिळकतीचं नुकसान होऊ नये एवढी काळजी त्यानं घ्यायचीच असते. गेल्यानंतरची व्यवस्था लावायला मृत्युपत्र. त्याचं काम मुखत्यारपत्राला लावू नये.

दिलेलं रद्द कसं करायचं?

ज्या तऱ्हेनं केलं त्याच तऱ्हेनं. नोंदवलेलं असेल तर रद्दपत्रही नोंदवा. पण नुसता कागद करून भागत नाही. करार कायद्याचं कलम २०८ सांगतं की मुखत्याराच्या बाबतीत रद्द होणं लागू होतं ते त्याला कळल्यापासून, आणि तिऱ्हाइताच्या बाबतीत त्या तिऱ्हाइताला कळल्यापासून. म्हणून मुखत्याराला पोचपावतीच्या टपालानं नोटीस द्या. बँक, सोसायटी, नोंदणी कचेरी, ठरलेला ग्राहक, ज्यांच्यापुढे तो कागद गेला असेल त्या प्रत्येकाला लेखी कळवा. मिळकत असलेल्या गावी चालणाऱ्या वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या. वाईच्या जमिनीची नोटीस इंदूरच्या हिंदी पेपरात देऊन ती वाईत कोण वाचणार? शेवटी, मूळ प्रत परत मागून घ्या. बहुतेक लोक हेच विसरतात.

न लिहिताही रद्द होऊ शकतं. घर भाड्यानं द्यायचा अधिकार तुम्ही कुणाला दिला आणि मग स्वतःच भाडेकरू ठेवला, तर मुखत्यारी आपोआप मावळली. हे उदाहरण कायद्यातच आहे.

कागदावर ‘कधीही रद्द न होणारे’ असं लिहिलं आहे. मग?

लिहिल्यानं तसं होत नाही. त्या मिळकतीत मुखत्याराचा स्वतःचा हितसंबंध खरोखर गुंतलेला असेल तरच कलम २०२ लागतं. समजा तुमच्यावर त्याचं कर्ज आहे आणि जमीन विकून त्यातून ते फेडून घ्यायचा अधिकार तुम्ही त्याला दिला. असा अधिकार तुमच्या मर्जीनं रद्द होत नाही, तुमच्या मृत्यूनंही नाही. मुलाला किंवा भावाला प्रेमानं, फुकट दिलेल्या कागदावर ते शब्द असले तरी तो रद्द करता येतो.

मुखत्यार स्वतःच मिळकत घेऊ शकतो? मिळालेले पैसे कुणाचे?

पैसे तुमचे, विक्रीवरचा कर तुमचा, आणि हिशोब मागण्याचा हक्कही तुमचा. तुम्हाला न सांगता त्यानं स्वतःशीच व्यवहार केला, मध्ये दुसऱ्याचं नाव घालून जमीन स्वतःच घेतली आणि हे लपवलं, तर तो व्यवहार नाकारता येतो. आत्याच्या बाबतीत आम्ही हे तपासलं होतं. घेणारा खरंच तिऱ्हाईत निघाला.

मसुद्यात एक ओळ घाला, की विक्रीची रक्कम फक्त देणाऱ्याच्या अमुक बँकेतल्या अमुक खात्यात जमा होईल. ही एक ओळ अर्धी भांडणं टाळते.

मसुद्यात काय पाहायचं?

जुन्या धाटणीचा कागद "कारणे कुलमुखत्यारपत्र लिहून देतो ऐसाजे" असा सुरू होतो आणि "राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून दिले असे" इथे संपतो. ही वाक्यं मला आवडतात, पण जीव असतो तो मधल्या भागात.

‘सर्व मिळकती’ हा शब्द आला की थांबा. त्या जागी एकाच मिळकतीचं पूर्ण वर्णन हवं. गाव, तालुका, गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा. नंतर ‘इत्यादी’ आणि ‘वगैरे सर्व कामे’ शोधा आणि खोडा. ‘विकणे, गहाण ठेवणे, बक्षीस देणे’ हे तीन शब्द छापील मसुद्यात एका ओळीत बसलेले असतात. तुम्हाला विकायचंच असेल तर उरलेले दोन कशाला? किमान किंमत लिहा. मुदत लिहा, सहा महिने किंवा वर्ष. "सदर मुखत्याराने केलेली सर्व कृत्ये मला मान्य व बंधनकारक राहतील" या वाक्यात ‘वर दिलेल्या अधिकारात राहून’ एवढी भर घाला. प्रत्येक पानावर सही करा. कोरी जागा राहिली असेल तर तिथे तिरपी रेघ मारा.

हे सगळं बोलताना अवघडल्यासारखं होतं, मला ठाऊक आहे. भाऊ समोर बसलेला असताना "मुदत घाला" म्हणणं अविश्वासाचं वाटतं. पण नेमका कागद प्रामाणिक मुखत्यारालाही सांभाळतो. उद्या पुतणे-भाचे विचारायला आले तर त्याला दाखवायला काहीतरी असतं.

मुखत्यार आपलं काम पुढे दुसऱ्यावर सोपवू शकतो?

तसा अधिकार कागदात दिलेला असेल तर. नाहीतर तुम्ही त्याच्यावर ठेवलेला विश्वास तो परस्पर तिसऱ्याला देऊ शकत नाही. आपल्या इतिहासात अशा साखळीचं मोठं उदाहरण आहे. १७८४ साली शाह आलम बादशहाकडून वकील-इ-मुतलक, म्हणजे बादशहाचा सर्वाधिकारी प्रतिनिधी, हे पद पेशव्यांच्या नावे झालं आणि त्यांचे नायब म्हणून दिल्लीचा कारभार महादजी शिंद्यांनी पाहिला. बादशहाचा अधिकार पेशव्यांकडे, पेशव्यांचा महादजींकडे. तिथे मधला दुवा सनदेनं बांधलेला होता. घरच्या कागदातही तो लिहिलेलाच हवा.

लग्न झालेल्या बाईला नवऱ्याची संमती लागते का?

नाही. १८८२ च्या कायद्याचं कलम ५ याचसाठी आहे. सज्ञान विवाहिता आपल्या नावानं मुखत्यार नेमू शकते.

मुखत्यारानं सही कशी करायची?

आधी तुमचं नाव, मग ‘तर्फे मुखत्यार’ लिहून त्याची स्वतःची सही. तुमच्या सहीची नक्कल त्यानं करायची नसते. असे महाभाग आहेत.

न्यायालयात माझ्याऐवजी तो साक्ष देऊ शकतो?

त्यानं स्वतः केलेल्या, पाहिलेल्या गोष्टींपुरती. जे फक्त तुम्हालाच माहीत आहे, त्याची साक्ष तुम्हालाच द्यावी लागते.

आजोबांच्या पेटीत जुनं मुखत्यारपत्र सापडलं. त्याचा काही उपयोग?

देणारा हयात नाही, म्हणजे अधिकार म्हणून ते संपलं. पण टाकू नका. त्यात जुने सर्व्हे नंबर, चतुःसीमा, शेजाऱ्यांची नावं, कधीकधी हिस्सेदारांची पूर्ण यादी असते. पुढे गट नंबर बदललेल्या जमिनीचा माग काढायला एवढं पुरतं. कागद मोडीत असेल तर मोडी वाचणाऱ्याकडून लिप्यंतर करून घ्या. घडी ज्या रेषेवर फाटत आली आहे तिथे चिकटपट्टी लावू नका, सपाट फाइलमध्ये ठेवा, आणि मोबाइलवर दोन्ही बाजूंचे फोटो काढा. पाठीमागचे शिक्के आणि दस्त क्रमांक मागच्या बाजूलाच असतात, आणि महाराष्ट्रातल्या कचेरीत जुनी नक्कल मागायची तर सगळ्यात आधी तोच क्रमांक विचारतात.